वसईची घंटा आणि वसईच्या भिंती

देऊळगाव राजा येथें बालाजीच्या देवळाच्या ओट्यावर एका पदवीधर स्नेह्यांनीं परवां विचारलें, “वसईच्या किल्ल्यांतलीं फिरंग्यांचीं पडकीं चर्चें उद्यां कोसळलीं, तर आपलें काय गेलें?” हा प्रश्न एखाद्या अडाण्याचा असता, तर आम्ही सोडून दिला असता.

१७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली. तेथल्या चर्चांतील घंटा मराठ्यांनीं उतरविल्या आणि मोठ्या भक्तीनें आपल्या देवांपुढें टांगल्या. नाशकास नारोशंकराच्या देवळावर त्या विजयाची म्हणून जी घंटा मिरविली जाते, तिच्यावर १७२१ हा इसवी सन कोरलेला आहे. तिचा नाद शुद्ध आणि ती जेथें घुमत होती ती भिंत तेवढी परकी, हें कोणतें तर्कशास्त्र?

आणि भिंती तरी कशा! जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग पाहावा: कमानीचें दार, बाजूंस पन्हळीदार खांब, खांबांच्या माथ्यावर पानांची नक्षी. ज्या मांडणींतून युरोपांत बरोक शैली फुलली, तिचाच हा संयमी अवतार. पण दगड येथला. फ्रान्सिस्कनांच्या चर्चांत तर आभाळाखालीं जमीनभर थडग्यांच्या शिळा पसरल्या आहेत. लेख वाचावेत तर पायांनीं झिजलेले. (लेण्यांवर नांवें कोरणारी आमची सहलमंडळी येथेंहि पोंचलीच आहे.)

शिवाय येथें गुडघे टेकणारे सारेच का फिरंगी होते? गोन्सालो गार्सिया वसईंतच जन्मला आणि १५९७ सालीं नागासाकीस हुतात्मा झाला. त्यास परका म्हणावयाचें काय?

आमच्या स्नेह्यांनीं आधीं नाशकास जाऊन ती घंटा उतरवून दाखवावी. भिंतींचें मग पाहूं.