पीजी मेडिकलचा ‘डोमिसाइल’ कोटा गेला, आरक्षण गेले का? उल्हासनगरसाठी निकालाचा अर्थ काय?

सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी एमडी-एमएस प्रवेशातील रहिवासाचे आरक्षण घटनाबाह्य ठरवले. प्रकरण चंदीगडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील ६४ जागांचे होते, पण निकाल महाराष्ट्रालाही लागू आहे. तेव्हापासून एक प्रश्न हमखास विचारला जातो: पीजीचे आरक्षण गेले का?

नाही. गेला तो फक्त ‘मी या राज्याचा रहिवासी’ एवढ्याच आधारावरचा हक्क.

नेमके काय बदलले?

सरकारी महाविद्यालयांतील पीजीच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, निम्म्या राज्याकडे राहतात. राज्याच्या वाट्यात आता डोमिसाइलवर जागा राखता येणार नाहीत. त्याच संस्थेतून एमबीबीएस केलेल्यांना ठरावीक प्रमाणात प्राधान्य देता येईल. एससी, एसटी, ओबीसी, ईडब्ल्यूएस यांच्या जागांना या निकालाने हात लावलेला नाही. उलट जानेवारी २०२२ मध्ये याच न्यायालयाने अखिल भारतीय कोट्यातील ओबीसींचे २७ टक्के आरक्षण वैध ठरवले. स्पर्धा परीक्षेतील गुण म्हणजेच संपूर्ण गुणवत्ता नव्हे, असे तेव्हा न्यायालयाने स्पष्ट केले होते.

मग अडचण कुठे आहे?

दाखल्यावरच्या तारखेत. पीजीच्या वर्गात कोण बसणार, हे पाच-सहा वर्षे आधी एमबीबीएसच्या दारातच ठरते. तिथे रहिवासाचा प्रश्न वेगळ्या रूपात अजून शिल्लक आहे. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे राज्यातील वास्तव्य दाखवावे लागते: एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे.

उल्हासनगर तर बाहेरून आलेल्यांनीच वसवलेले शहर. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत उतरली. नंतर कारखान्यांच्या ओढीने मराठवाडा, खान्देश, उत्तर प्रदेशातून माणसे येत राहिली. कॅम्प २ मध्ये भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन घरांचे उत्तर यामुळे वेगळे येते. मराठवाड्यातल्या कुटुंबाला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत गावी जावे लागते. (आजोबा शाळेतच गेले नसतील, तर महसुली नोंदी शोधा.) १९८० नंतर परराज्यातून आलेल्या ओबीसी कुटुंबाला राज्याच्या कोट्यात तो मार्गच नाही.

हा वाद मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आंध्रात अनुसूचित जमातीत मोडणारा, वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईत आलेला एक विद्यार्थी सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजविरुद्ध लढला. १९९० मध्ये न्यायालयाने सांगितले, स्थलांतरासोबत आरक्षण येत नाही. तो मुलगा शिकला मुंबईत, पण कागदावर आंध्रचाच राहिला.

सरकारने काय करावे?

डोमिसाइल कोटा गेल्याचे फार वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. त्याने डॉक्टर महाराष्ट्राचा मिळत होता. तो उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात टिकेल याची हमी त्यात नव्हती. रात्री अडलेल्या बाळंतिणीला स्त्रीरोगतज्ज्ञ हजर लागतो, शिवाय तिची भाषा कळणारा लागतो.

त्यासाठी हुकमी मार्ग सेवांतर्गत कोट्याचा. सरकारी सेवेतील डॉक्टरांसाठी राज्ये पीजीच्या जागा राखू शकतात, असे घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी मान्य केले आहे. पीजीनंतर अमुक वर्षे सरकारी रुग्णालयात काम, ही अट त्याला घट्ट जोडता येते. डोमिसाइलच्या जागी काय आणायचे याचा शोध घेणाऱ्या राज्याने हा कोटा दरवर्षी, वेळेत आणि पूर्ण भरून दाखवावा.

दुसरे काम अंबरनाथचे. तिथले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये १०० जागांनिशी सुरू झाले. पहिली तुकडी इंटर्नशिप संपवून २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. तोवर तिथे पीजीचे विभाग उभे राहिले नाहीत, तर या मुलांना संस्थेच्या प्राधान्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि ज्यांच्या घरी यंदा कुणी अकरावीला आहे, त्यांनी जात पडताळणीचे कागद आताच जमवायला घ्यावेत. नीटच्या निकालानंतर धावपळ सुरू केली, तर प्रवेशाची तारीख थांबत नाही.