खोटं बोलायचा हक्क कुणाचा?



चाकणला खोली बघायला गेलं की भाड्याच्या आधी आडनाव विचारतात. मलाही विचारलं. म्हाळुंग्याच्या बाजूला एका घरमालकानं आपणच म्हटलं, "पाटील ना?" मी मान हलवली. कुठल्या दिशेनं हलली ते त्यानं त्याच्या सोयीनं ठरवलं. सात महिने तिथं राहिलो. बाबासाहेबांचा फोटो पेटीत, कपड्यांच्या घडीत. मिलमधून रात्रपाळी करून आलो की कडी लावून काढायचो, बघायचो, परत ठेवायचो.

यावर मी गोष्ट लिहिली. गोष्टीतला 'मी' वाचकालासुद्धा आपली जात सांगत नाही. वाचकालाही तो पाटीलच वाटत राहतो. एका संपादकानं ती परत धाडली. म्हणे निवेदक प्रामाणिक वाटत नाही, जे भोगलं ते सरळ लिहा, आत्मकथन लिहा.

आता गंमत बघा. हाच प्रकार अमेरिकेत झाला की त्याला कला म्हणतात. वेन बूथ नावाच्या समीक्षकानं 1961 साली त्याचं बारसंही केलं: अविश्वासार्ह निवेदक. नाबोकोवच्या 'लोलिता'तला (1955) हंबर्ट तुरुंगात बसून ज्यूरीपुढं गोडगोड बोलतो. एका पोरीच्या आयुष्याची नासाडी केली आणि ती प्रेमकथा म्हणून खपवायला बघतो. वाचकानं त्याच्या वाक्यांच्या फटीतून त्या पोरीचं रडणं ऐकायचं. गिलियन फ्लिनच्या 'गॉन गर्ल'मध्ये (2012) बायकोची डायरी आपण निम्मं पुस्तक खरी मानून वाचतो, मग कळतं सगळी बनावट. टाळ्या!

पण काळ्या माणसानं तोंड उघडलं की आधी जामीनदार आणा. फ्रेडरिक डग्लसनं 1845 साली आपली कहाणी लिहिली. 'स्वतः लिहिलेली' असं मुखपृष्ठावर छापावं लागलं, आणि पुढं दोन गोऱ्यांची ग्वाही, गॅरिसन आणि फिलिप्स यांची. हॅरिएट जेकब्सनं 1861 साली टोपणनावानं लिहिलं, तर शंभरावर वर्षं अनेक पंडित म्हणत राहिले की ही कादंबरी आहे, गोऱ्या संपादक बाईचीच असणार. 1980 नंतर जीन येलिन या बाईंनी जुनी पत्रं धुंडाळून सिद्ध केलं की लेखिका खरी, कहाणीही खरी.

म्हणजे गोरा खोटं बोलला तर शैली, काळी बाई खरं बोलली तर कादंबरी. हा हिशोब आपल्या ओळखीचा आहे.

पर्सिव्हल एव्हरेटनं हा हिशोब उलटा करून मांडला. त्याच्या 'इरेजर'मधला (2001) काळा प्राध्यापक चिडून मुद्दाम झोपडपट्टीछाप खोटी कादंबरी टोपणनावानं लिहितो. तीच 'अस्सल' ठरते, पैसा ओतला जातो, बक्षीस मिळतं. मग 2024 साली 'जेम्स'. मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'मध्ये (1884) गोष्ट पोरगा हक सांगतो, गुलाम जिम त्याच्या तोंडून बोलतो. एव्हरेटचा जिम स्वतः सांगतो. गोऱ्यांपुढं बोबडी, मोडकी भाषा, आपसांत शुद्ध. ती मोडकी भाषा पोरांना शिकवायची शाळाच तो घेतो. मालकाला बरं वाटलं पाहिजे ना! त्याच कादंबरीत पेन्सिलीच्या तुकड्यापायी एकाला फासावर टांगतात. शब्दकोश उशाला घेऊन वाचली. ते पान आलं आणि पेटीतला फोटो आठवला.

आपल्याकडं हे नव्हतं काय? होतं. बाबुराव बागूलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 सालचं. रेल्वेतला कामगार परगावी जात लपवतो, उघडं पडल्यावर मार खातो. पण तो भोवतीच्यांपासून लपवतो, वाचकाला सगळं सांगतो. तेव्हा तेवढं धाडसही थोर होतं. मला पुढची पायरी पाहिजे. वाचकालाच घरमालक करायचा. आडनावावरून त्यानं काय काय गृहीत धरलं ते शेवटच्या पानावर त्याच्या पदरात टाकायचं.

'बलुतं' (1978) घ्या. दगडू पवार आपली कथा दया पवारला सांगतो. माणूस एकच, तोंडं दोन. एका माणसाला दोन निवेदक का लागले, हा खरा प्रश्न. पण आपल्याच माणसांनी ओरड केली की घरातली लक्तरं वेशीवर टांगली. आजही आपल्या कविसंमेलनात निवेदक धुतल्या तांदळासारखा लागतो. तो भित्रा चालत नाही, लबाड चालत नाही. का? आपल्यात भित्रा कोणी नाही? सात महिने मी कोण होतो?

एक कार्यकर्ता मला म्हणाला, आपण कथेत खोटं बोललो तर ठाण्यात, कोर्टात आपलं खरं कोण मानणार? प्रश्न साधा नाही, मी रात्रभर त्यावर विचार केला. पण खैरलांजी आठवा. 2006. एकाच घरातली चार माणसं मारली. उरलेला बाप ओरडून सांगत होता. 2008 साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आणि 2010 साली नागपूर खंडपीठानं ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही, सूड म्हटलं. त्यानं कुठली कादंबरी लिहिली होती? कोर्टात जबानी खरीच द्यायची, तिथं तडजोड नाही. पण कथेलाही जबानीच्या पिंजऱ्यात उभं करणारे हे कोण?

ती गोष्ट मी सुधारलेली नाही. निवेदकाचं आडनाव अजून पाटीलच आहे. पुढच्या अंकासाठी दिली आहे.