गोधडीवर नाव कुणाचे?

डोंबिवलीचा मानपाडा रस्ता असो की ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरचे मानपाडा, जुनी चाळ सोडून नव्या इमारतीत जाताना घरोघरी एक प्रश्न पडतो. आजीच्या गोधड्यांचे काय करायचे? सोफ्यापुढे यंत्रावर विणलेला गालिचा येतो, गोधडी माळ्यावर जाते. आणि गंमत अशी, की दुसऱ्या कुणाच्या आजीची गोधडी हस्तकलेच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात हौसेने विकत घेतली जाते. भिंतीवर टांगायला, गालिच्यासारखी अंथरायला.

जुनी लुगडी, धोतरे एकावर एक पसरायची, वर रंगीत तुकडे जुळवायचे आणि कडेकडेने आत येत हाताने धावदोरा घालायचा. घाटावर हिलाच वाकळ म्हणतात. कापड जुने, काम दुपारच्या फावल्या वेळातले. म्हणून कापडाबरोबर बाईचे श्रमही फुकटचे धरले गेले. आज शिलाईसाठी गोधडी देणारेही घासाघीस करतात ती याच हिशेबाने. शौकीन संग्राहक रंगसंगती पाहतात. कुणी शिवली, हे क्वचितच विचारतात.

अमेरिकेत अलाबामातील जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ मध्ये मोठ्या संग्रहालयांत झळकल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. पण २००७ मध्ये त्यांतल्याच काही जणींना योग्य मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले. म्हणजे नावलौकिक झाला तरी पैसा आपोआप शिवणारीच्या हाती येत नाही. मात्र नावच नसेल, तर हक्क सांगायचा कुणी?

बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने वडिलांसाठी कंथा शिवली आणि त्यावर आपले नाव टाक्यांनी लिहिले. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त यांच्या संग्रहात ती कंथा आली, म्हणून आज आपण तिला नावाने ओळखतो.

आपल्याकडेही रुखवतावर 'हे नवरीने केले' असे कौतुकाने सांगितले जाई. गोधडीच्या वाट्याला तेवढेही आले नाही. विकत घेताना शिवणारीचे नाव आणि तिला मिळालेली मजुरी विचारायला हरकत नाही. आणि माळ्यावरची गोधडी या रविवारी उन्हात घालाल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ही कुणी शिवली? सांगणारे माणूस आहे तोवर ते नाव एका कोपऱ्यात दोऱ्याने घालून ठेवा.