शांततेचा फलक आणि मुलांचे व्हायोलिन

शाळेचे स्नेहसंमेलन असो वा पोलीस ठाण्यात भरलेली शांतता समितीची सभा असो, कार्यक्रमाला शोभा यावी म्हणून मुलांचे वाद्यवादन ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यातही मुलांच्या हाती व्हायोलिन असले की मंडळींना विशेष भरून येते. पांढरे पोशाख, मागे कबुतराचे चित्र आणि वर 'संगीतातून शांतता' असा फलक. पंधरा मिनिटांत वादन आटोपते, पाहुण्यांचे सत्कार होतात आणि आपल्या हातून सलोख्याचे काही कार्य घडले अशा समाधानात सारे घरी परततात. आमचा आक्षेप या समाधानाला आहे. मुलांनी व्हायोलिन शिकावे, अनेकांनी मिळून वाजवावे, असे आम्हांस मनापासून वाटते. म्हणूनच त्या फलकाविषयी चार कठोर शब्द लिहिणे अगत्याचे झाले आहे.

संगीताने मन आपोआप कोमल होते, ही समजूत प्रथम बाजूस सारली पाहिजे. राइनहार्ट हायड्रिक हा संगीतकाराचा मुलगा. त्याच्या वडिलांनी जर्मनीतील हाले या शहरी संगीतविद्यालय स्थापिले होते आणि तो स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवीत असे. जानेवारी १९४२ मध्ये बर्लिनच्या वानझे उपनगरात ज्या बैठकीत युरोपातील ज्यूंच्या संहाराची आखणी झाली, तिचे अध्यक्षपद याच व्हायोलिनवादकाकडे होते. आउशवित्झच्या छळछावणीत तर कैदी स्त्रियांचा वाद्यवृंदच होता. कामावर हाकलल्या जाणाऱ्या कैद्यांच्या रांगांसाठी त्या स्त्रियांना चालीची धून वाजवावी लागे. त्यांची प्रमुख आल्मा रोझे ही नामांकित व्हायोलिनवादक १९४४ मध्ये त्याच छावणीत मरण पावली. व्हायोलिनचे सूर तिचेही होते आणि हायड्रिकचेही.

मुलांच्या वाद्यवृंदाने समाज पालटतो, याचा दाखला म्हणून व्हेनेझुएलाचे नाव नेहमी घेतले जाते. १९७५ साली होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी तेथे सुरू केलेल्या चळवळीतून लक्षावधी मुलांना वाद्ये मिळाली, हे थोर कार्यच होय. परंतु ज्या सरकारने या वाद्यवृंदांना पैसा पुरविला, त्याने त्यांना आपल्या मिरवणुकीतील भूषणही बनविले. २०१७ साली काराकासमध्ये सरकारविरोधी निदर्शने झाली, तेव्हा त्याच चळवळीत वाढलेला एक तरुण व्हायोलावादक मारला गेला. देशोदेशी वाजलेल्या टाळ्या त्याच्या कामी आल्या नाहीत.

मग मुलांच्या वाद्यवृंदाचा शांततेशी काहीच संबंध नाही काय? आहे, पण तो व्यासपीठावर शोधू नये, तालमीच्या खोलीत शोधावा. सतारीला पडदे असतात, हार्मोनियमला पट्ट्या असतात. व्हायोलिनच्या मानेवर बोटाला वाट दाखविणारी एकही खूण नसते. सूर कानानेच शोधावा लागतो. दहा मुले एकत्र बसली की प्रत्येकाला आपला सूर शेजाऱ्याच्या सुराशी ताडून पाहावा लागतो. सर्वांचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जावे लागतात. स्वरलेखनाचा कागद दोघांत एकच असतो. पान उलटण्याची वेळ आली की एकाने वादन थांबवून ते उलटायचे आणि दुसऱ्याने वाजवीत राहायचे. जो थांबतो त्याच्यासाठी कोणी टाळी वाजवीत नाही. अशा शेकडो तालमींतून दुसऱ्यासाठी थांबण्याची जी सवय जडते, तिलाच आम्ही शांततेची पहिली इयत्ता म्हणतो. इस्रायली आणि अरब तरुणांचा वाद्यवृंद १९९९ साली एडवर्ड सईद यांच्यासह उभारणारे डॅनियल बारेनबॉइम हेही वारंवार सांगत आले आहेत की, वाद्यवृंद शांतता आणू शकत नाही. आपला उपक्रम परस्परांविषयीच्या अज्ञानाविरुद्ध आहे. ज्यांनी हे कार्य आयुष्यभर केले त्यांचा दावा इतका माफक, आणि आमच्या फलकाचा दावा केवढा मोठा!

हे सारे सोलापूरकरांना सांगण्याचे कारण आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा नांदविणारे हे गिरण्यांचे आणि मागांचे शहर. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे येथील चार वीर येरवड्याच्या तुरुंगात एकाच दिवशी फासावर गेले. त्यांची नावे वाचली तरी या शहराची घडण ध्यानात येते. आणि याच शहरात ऑक्टोबर २००२ मध्ये दंगल पेटली. अमेरिकेतील जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने प्रेषित महंमदांविषयी दूरचित्रवाणीवर काढलेल्या उद्गारांच्या निषेधार्थ बंद पुकारला गेला होता; त्या दिवसांत माणसे मेली, दुकाने जळाली. ते उद्गार एका ख्रिस्ती प्रचारकाचे होते, हे ख्रिस्ती वाचकांनी विसरू नये. सातासमुद्रापलीकडच्या एका वाक्याने जेथे ठिणगी पडते, तेथील गल्ल्या एकमेकींना केवळ मिरवणुकीतून आणि मोर्चातून ओळखतात, असाच त्याचा अर्थ होतो. ही ओळख एका संध्याकाळच्या वादनाने पालटणार नाही. पूर्व भागातील तेलुगू विणकराची मुलगी, बाळीवेशीतील कन्नडभाषक मुलगा आणि विजापूर वेशीतील उर्दू शाळेचा विद्यार्थी आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षे एका खोलीत बसले, त्यांना न्यायला येणाऱ्या आया दाराशी एकमेकींशी बोलू लागल्या, तरच ती पालटेल.

व्हायोलिन परदेशी आहे, ते आपल्या मुलांना कशाला, असा प्रश्न येईल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बाळुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात आणले; आज त्याच्या साथीवाचून दक्षिणेत मैफल भरत नाही. मराठी श्रोत्यांनी गजाननराव जोशी आणि प्रभाकर जोग यांच्या हातून ते ऐकले. गीतरामायणाच्या गायनाला जोगांच्या व्हायोलिनची साथ असे. म्हणजे सोलापुरातील कन्नड, तेलुगू आणि मराठी अशा तिन्ही घरांना हे वाद्य आपले म्हणता येते.

विडी वळणाऱ्या आईच्या मुलाला आधी भाकरी द्या, व्हायोलिन मागाहून, असा दुसरा आक्षेप आहे. त्याचे उत्तर कालिंपोंगने दिले आहे. तेथे १९९३ साली येशूसंघीय फादर एडवर्ड मॅग्वायर यांनी डोंगरातील कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी गांधी आश्रम शाळा काढली. त्या शाळेत मुलांच्या पोटात जेवण पडले आणि हातात व्हायोलिनही आले. गोव्यात २००९ साली डॉ. लुईस डायस यांनी सुरू केलेल्या 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन'नेही वंचित मुलांना व्हायोलिन शिकविण्याचे कार्य हाती घेतले. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांमधून पूर्वीपासूनच स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला वादक मिळाले ते त्या परंपरेतून. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल शर्मा या मुलाला व्हायोलिन शिकविले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील एका गाण्यात शिष्याने गुरूचे नाव कायमचे नोंदवून ठेवले. त्या ध्वनिमुद्रणगृहांत हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती वादक शेजारी शेजारी बसून वाजवीत. त्यांच्या डोक्यावर शांततेचा फलक नव्हता. एकमेकांचे ऐकल्यावाचून त्यांचे पोटच भरत नव्हते.

तेव्हा ज्यांना सोलापुरात मुलांचा व्हायोलिनवृंद हवा आहे, त्यांच्यापुढे आम्ही काही अटी ठेवतो. जो पैसा मंडपावर, हारांवर आणि छापील निमंत्रणांवर जातो, तो एका शिक्षकाच्या वेतनासाठी किमान दहा वर्षे राखून ठेवावा. लहान हातांना लहान मापाची वाद्ये लागतात; मूल वाढेल तशी ती बदलून देण्याची सोय असावी. मुले एकाच शाळेची वा एकाच धर्माची नसावीत. चर्चची सभागृहे आठवड्याचे कितीतरी दिवस कुलूपबंद असतात. ती याकामी उघडावीत, आणि तेथे धर्मोपदेशाचा एक शब्दही उच्चारला जाऊ नये. पहिली तीन वर्षे मुलांना व्यासपीठावर आणू नये. आणि पुढेही दंगलीनंतर शहराची शोभा राखण्यासाठी त्यांना कधीच बोलावू नये. वडीलधाऱ्यांनी मोडलेली शांतता सांधणे हे मुलांचे काम नव्हे.

१९६३ साली परमगुरू तेविसावे जॉन यांनी शांततेचा पाया म्हणून सत्य, न्याय, प्रीती आणि स्वातंत्र्य ही चार तत्त्वे सांगितली. त्यांत समारंभाचा उल्लेख नाही. या अटी ज्यांना जड वाटतात त्यांनी खुशाल कार्यक्रम करावेत, मुलांचे कौतुकही करावे. परंतु वरचा तो फलक मात्र उतरवून ठेवावा.