चौकटीत न मावणारा नागरिक

काही विधानांपुढे ‘सहमत’ किंवा ‘असहमत’ अशी खूण करावी आणि आपण डावे की उजवे, उदारमतवादी की दंडसत्तावादी, हे क्षणार्धात जाणून घ्यावे, अशी सोय आता विद्यार्थ्यांच्या हाती आली आहे. २००१ पासून प्रचारात असलेल्या ‘पोलिटिकल कंपास’ या चाचणीत तर ‘सांगता येत नाही’ असे म्हणण्याचीही मुभा नाही. एका आडव्या व एका उभ्या रेषेच्या आधारे नागरिकाची जागा ठिपक्याने दाखविली जाते. करमणूक म्हणून यास हरकत नसावी. परंतु त्या ठिपक्यालाच आपली राजकीय ओळख मानणे घातक आहे. ते कसे, हे समजण्यास पनवेलकरांना दूर जावे लागणार नाही.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. तेथील शेतकऱ्यांचे नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केले. त्यांचा शेतकरी कामगार पक्ष लाल बावट्याचा, मार्क्सवादाचा वारसा सांगणारा. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व शासनाला स्वीकारावे लागले.

आता त्या शेतकऱ्यापुढे अशी प्रश्नपत्रिका ठेवून पाहावी. ‘सार्वजनिक हितासाठी शासनाने खाजगी जमीन घेणे योग्य आहे’ या विधानाशी तो असहमत होईल आणि उजवीकडे सरकेल. ‘गरिबांचे हित बाजारावर सोपवावे’ यालाही तो नकार देईल आणि डावीकडे ओढला जाईल. दोहोंची सरासरी म्हणजे मध्य! प्राण पणाला लावणारा माणूस या गणिताने मध्यममार्गी ठरतो. कारण जमीन कोणाची, भाव कोणी ठरविला, मोबदल्यात काय दिले, हे चाचणी विचारतच नाही.

डावे-उजवे हे शब्द १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेतील आसनव्यवस्थेतून आले. राजाचे अधिकार किती असावेत, हा नेमका प्रश्न तेथे समोर होता. प्रश्न सुटला की शब्दाचा केवळ शिक्का उरतो. नीतीचेही तसेच आहे. कागदावर न्यायाची बाजू घेण्यास काही पडत नाही. किंमत मोजण्याची वेळ आली म्हणजे माणसाची पारख होते.

शिक्षकांनी अशी चाचणी वर्गात अवश्य घ्यावी. मात्र ठिपका कोठे पडला याची चर्चा थोडक्यात आटोपून, कोणते प्रश्न विचारायचे राहिले, याची यादी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. नागरिकशास्त्राचा खरा धडा त्या यादीत सापडेल.