हिशेब न मागण्याचा करार

अमेरिकेतील सू लोकांच्या करारांविषयी वाचून मराठी वाचक हळहळतो. हळहळावे असेच ते आहे. १८६८ च्या फोर्ट लॅरमी करारान्वये ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख त्यांचा ठरला. पुढे तेथे सोने सापडले आणि १८७७ साली तो हिरावला गेला. १९८० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली, पण सू लोकांनी ती नाकारली. त्यांना पैसा नको, जमीन हवी.

आमचा प्रश्न एवढाच, की ही हळहळ वऱ्हाडच्या वाट्याला का येऊ नये?

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. कारण होते हैदराबाद कंटिंजंट ही फौज. तिचा खर्च निजामाचा, हुकमत इंग्रजांची. १८६० च्या तहात इंग्रजांनी ५० लाखांचे कर्ज माफ केले, रायचूर दुआब व धाराशिव परत दिले, वऱ्हाड मात्र ठेवून घेतले. शिवाय वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्कही निजामाला सोडावा लागला. १९०२ मध्ये कर्झनने सालीना २५ लाखांवर कायमचा पट्टाच करून घेतला.

१८६८ च्या करारात निदान एवढे कलम होते, की तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांवाचून आणखी जमीन घेता येणार नाही. ते पाळले गेले नाही, हे खरे. पण मोडण्याजोगे वचन तरी होते. पेढीकाठच्या वलगावातील कास्तकाराला मात्र कोणी विचारावे, असे निजामालाही वाटले नाही आणि लाटसाहेबालाही नाही.

यावर ठरलेले उत्तर असे, की इंग्रजी अमलात आगगाडी आली, कापसाला भाव आला. भाव चढला तो १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीमुळे. आणि गाडी आली ती मँचेस्टरला कापूस हवा होता म्हणून. शिवाय लाभ झाला म्हणजे संमती होती, हा न्याय सावकाराचा.

स्वराज्यातही पुढाऱ्यांनी १९४७ चा अकोला करार केला, १९५३ चा नागपूर करार केला. त्यांतील आश्वासनांतून निघालेल्या विदर्भ विकास मंडळाची मुदत २०२० च्या एप्रिलअखेर संपली, तेव्हाही गावोगाव कोणी विचारायला आले नाही. वेगळे राज्य हवे की नको, हा वाद येथे आम्ही काढत नाही. त्याआधीची मागणी हिशेबाची आहे. तो मागण्याचा हक्क निजामाने सोडला होता. वऱ्हाडी माणसाने कोणत्याही कागदावर तो सोडलेला नाही.