किल्ले गावठाणच्या चौकात या, घरातले जुने फोटो घेऊन या

बेलापूरकरहो,

२६ जानेवारीला संध्याकाळी किल्ले गावठाणच्या चौकात पाय ठेवायला जागा नसते. महापालिकेचं मुख्यालय रोषणाईने झळाळतं, २२५ फुटी खांबावर तिरंगा फडकतो आणि लेकरांना खांद्यावर घेऊन आपण फोटो काढतो. जरूर काढावेत. २०१४ साली सुरू झालेली ही इमारत आपल्या शहराची ओळख झाली आहे.

पण तिचे उंच खांब आणि घुमट एकदा सावकाश पाहा. ही धाटणी मूळची ग्रीस-रोमची. इंग्रजांनी ती मुंबईत आणली. फोर्टातला टाउन हॉल, म्हणजे आपली एशियाटिक लायब्ररी, १८३३ साली अशाच खांबांवर उभी राहिली. त्याआधी सोळाच वर्षं, १८१७ मध्ये, कंपनी सरकारने बेलापूरचा किल्ला मराठ्यांकडून घेतला होता. त्याच किल्ल्याचा टेहळणी बुरूज मुख्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जिंकणाऱ्यांची ती धाटणी आज आपण निवडून दिलेल्या नगरसेवकांच्या सभागृहावर शोभते आहे, आणि हरलेला किल्ला मात्र झाडोऱ्यात दगड-दगड ढासळतो आहे. आम्हाला हे सलतं.

सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, सगळ्यांना हा किल्ला हवा होता, कारण पनवेलची खाडी इथून नजरेत राहते. चिमाजी अप्पांनी १७३३ साली तो पोर्तुगिजांकडून घेतला. किल्ला हाती आला तर अमृतेश्वराला बेल वाहीन, असा त्यांचा नवस होता आणि त्यावरून बेलापूर नाव पडलं, असं सांगतात.

म्हणून यंदा २६ जानेवारीला सकाळी सात वाजता मुख्यालयासमोर जमा. तिथून बुरजापर्यंत आपण मिळून चालत जाऊ. वाटेतला कचरा उचलू, पण दगड हलवायचा नाही आणि बुरजावर चढायचं नाही. ते काम जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

किल्ले गावठाण, शहाबाज आणि दिवाळे गावच्या आजी-आजोबांना विशेष विनंती. सिडको येण्याआधीचा, भातखाचरांचा आणि मिठागरांचा हा परिसर तुम्ही पाहिला आहे. तुमच्या आठवणी आम्हाला लिहून घ्यायच्या आहेत. जुना फोटो असेल तर आणा. तिथेच त्याची प्रत काढून मूळ फोटो लगेच तुमच्या हाती परत देऊ. चालणं झेपत नसेल तर नातवंडांकरवी निरोप धाडा, आम्ही घरी येऊ.

आपले,
सीबीडी बेलापूरमधील काही रहिवासी